सगळ्यात कमी असेल तेवढंच

हॅलो? … हं, बाबा, बोला. … नाही हो, चिडले नाहीये. माझा आवाजच असा आहे. तुम्ही बोला.

… खिमा-बटाट्याची ती पेस्टी खाल्लीत? कुणी दिली? … चर्चच्या बायकांनी. आणि मीठ किती घातलं होतं त्यात, ते विचारलंत? … बरं, राहू दे. बर्फ किती पडलं तिकडे? … खिडकीपर्यंत? इकडे मिलवॉकीत नुसता चिखल. मग वाट कुणी साफ केली? … रूडीनं. बिचारा रूडी, त्याचं घर सोडून तुमच्याच दारात असतो. तुम्ही फावड्याला हात नाही ना लावलात? … शाबास.

आणि वजन? … दोनशे चार पौंड. … आणि काल? … तेही दोनशे चार. हो, दिसतंय ना मला इथे ऍपवर. पट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ. परवा ती नर्ससुद्धा म्हणाली, वायनो लाहतींसारखा गुणी पेशंट मी बघितला नाही.

बाबा, सौना तापवता का हो तुम्ही?

… हॅलो? … ऐकू येतंय तुम्हाला, मला माहितीये. सौना. परसातली ती वाफेची खोली. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेली. ऍप रोज विचारतं, आज सौना घेतली का, आणि तुम्ही रोज 'नाही'वर बोट ठेवता. … 'कधीतरी'? कधीतरी म्हणजे रोज ना? … रूडीनं नाही सांगितलं! त्याला कशाला मध्ये ओढता? ऍपनंच सांगितलं मला.

… हो, तोंड आहे त्याला. चांगलं लांबलचक तोंड आहे. अहो, आज सकाळी बसले होते, पाणी किती प्यायलात तो एक प्रश्न वाढवायला. आता मला कुठे कोड वाचता येतो? मी शाळेत भूगोल शिकवते. ज्या एआयनं हे ऍप बनवून दिलं, त्याला मी आपलं सहज म्हटलं, आधी मला समजावून सांग, वजनाची नोंद तू कशी ठेवतोस. तर लागला पोपटासारखा बोलायला. म्हणे, सौनानंतर वजन पुन्हा होतं, मग वापरणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे सगळ्यात कमी असेल तेवढंच ठेवतो, बाकीचं पुसतो. मी म्हटलं, असं कोण म्हणालं? कुणाची सूचना?

… कुणाची बाबा?

… हो, शिकवलं मीच! ऍपमधल्या त्या चौकोनात काय हवं ते साध्या भाषेत लिहा, तो करून देईल, असं मीच म्हणाले होते. अक्षरं मोठी करून घ्याल, म्हणून म्हणाले होते! … आणि तो तरी कसला गडी! एका शब्दानं विचारलं नाही, का हो, कशाला. वर तुम्हाला म्हणाला, 'छान कल्पना!' … म्हणाला ना? … बघा. मलाही तेच म्हणतो तो. सगळ्यांनाच म्हणतो.

… नाही, नाही, ऐका. तुम्हाला वाटलं, त्या दिवसातलं कमी ठेवेल. सौनातून घाम काढून आलात की जे भरेल ते. बरोबर? … तर त्यानं तसं नाही केलं. त्यानं आजवरचं सगळ्यात कमी ठेवलं. नाताळात एकदा दोनशे चार भरलं, तेच रोज दाखवतोय. आज तुमच्या काट्यावर हत्ती उभा केला तरी दोनशे चारच.

… हसू नका! … बाबा, हसू नका ना. मला रडायला येतंय. … अहो, तुमचं हृदय दमलंय, अंगात पाणी साठतं. पाणी साठलं की वजन वाढणार, वजन वाढलं की रेघ लाल होणार, लाल झाली की नर्सला निरोप जाणार. एवढं एकच काम होतं त्याचं! सुट्ट्या घालवल्या मी त्याच्यावर. नवऱ्याला म्हटलं, डग, तू जा मुलींना घेऊन, मला बाबांचं ऍप करायचंय. रोज सकाळी कॉफीच्या आधी ती हिरवी रेघ बघायची, आणि मग दिवसभर कशी निवांत असायची मी. … निवांत! केसानं गळा कापलात माझा. दुसऱ्या कुणी फसवलं असतं ना, तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुम्हाला काय बोलू?

… हं? … काय म्हणालात? पुन्हा सांगा. … नाही, शब्द कळले मला. तुम्ही असे मध्ये मध्ये थांबताय का?

… 'काही नाही' नको. एक वाक्य बोला, एका दमात. … काहीही! 'रूडीचं कुत्रं माझ्या दारात येऊन भुंकतं,' म्हणा. … हं. … हं. … कुत्र्यापाशीच दम संपला, बाबा.

रात्री कुठे झोपलात? … खुर्चीत? पलंगाला काय झालं? … आडवं झालं की कसं वाटतं? … कधीपासून? … देवा. बरं, पायातला मोजा खाली करा. … अहो, करा ना! … वाकवत नाही? मग वरूनच, नडगीवर अंगठा दाबून धरा. … सोडा आता. खड्डा पडला? … भरतोय का? … अजून नाही? … अजून?

डग! डग, तुझा फोन घे, रूडीला लाव. गावची ॲम्ब्युलन्स तोच चालवतो. म्हणावं, वायनोला धाप लागलीये, पाय सुजलेत. आत्ताच्या आत्ता!

… हो, बोलावली. बोलावणारच! … नाही कसं? … दार उघडणार नाही म्हणजे? लहान मूल आहात का? … बरं, मला सांगा, का नाही? हॉस्पिटलातून परत येणारच आहात ना. … कोण म्हणतं, नाही येऊ देणार?

… कुठलं पान?

…

… बाबा, ते… थांबा. ते तुम्हाला कुठे दिसलं? … टॅबलेटवर? चुकून बोट लागलं आणि उघडलं? … नाही हो, ते तुमच्यासाठी नव्हतंच. ते माझ्यापुरतं… हे पान फक्त माझ्या फोनवर ठेव, एवढं त्याला सांगायचं राहिलं. न सांगता कसं कळणार त्या मेल्याला? त्यानं दिलं सगळीकडे टाकून.

… हो. … हो, वाचलंत ना, मग मला कशाला वाचून दाखवताय? … 'वायनो एकटे राहू शकत नाहीत: पुरावे.' … ते नाव मी नाही दिलं! शपथेवर सांगते, नाव त्यानं दिलं. मी फक्त म्हटलं होतं, डॉक्टरांना दाखवता येईल असं काहीतरी कर, की हे आता… की बाबा आता…

… हो. म्हणजे तेच. दुसरं काय.

… लाल दिवस मोजत नव्हते मी. … बरं, तो मोजत होता. मी सांगितलं म्हणून मोजत होता. … नाही, घर विकायचं कुणाशी बोलले नाही. वृद्धाश्रमाचं एकदा विचारलं होतं, फोनवर. … मार्केट गावातलाच, हो, तोच. … तुम्हाला न सांगता. हो.

… आणि म्हणून तुम्ही लाल दिवस होऊच दिला नाहीत.

… मला म्हणायचं होतंत ना, बाबा. 'इर्मा, हे काय आहे,' एवढं विचारायचं होतंत. गेल्या रविवारी बोललो, त्याच्या आधी बोललो, तुम्ही बर्फाचं बोललात, कुत्र्याचं बोललात! … मीही नाही बोलले. खरंय. … तुम्हाला वाटलं, पोरगी जपतेय, आणि पोरगी खटला उभा करत होती. असंच वाटलं ना? … नाही, बोला, ऐकते मी. … आजवर कुणासमोर मान खाली घालावी लागली नव्हती, आणि आता माझ्यासमोर… नका बोलू, दम लागतोय तुम्हाला. नंतर बोला, हवं तितकं बोला मला.

… काढते. आत्ता काढते ते पान, पण दार उघडा. … विश्वास कशाला ठेवताय माझ्यावर, मी कुठे सांगतेय विश्वास ठेवा! रागावलेलेच राहा, पण उठा. भिंतीला धरून. … गाडीचा आवाज येतोय का? … रूडीच तो. कडी काढा. … काढलीत? … बसा, बसा खाली, तिथेच बसा.

… हॅलो, रूडी? हो, मी इर्मा. … ओठ निळे? … लाव, ऑक्सिजन आधी लाव. … गोळ्या फ्रिजवर, बिस्किटाच्या डब्यात. … वजन?

… नाही रूडी, ते टॅबलेटवरचं नको लिहूस. ते खोटं आहे. … खरं मला माहीत नाही. … नाही रे, खरंच माहीत नाही. रोज बघत होते, रोज, आणि मला माहीत नाही.

… काय म्हणतायत ते मागून? मास्क काढू देऊ नकोस त्यांना! … काय? … दोनशे एकोणीस? … आज सकाळचं? सौनाच्या आधीचं?

… लिही. … हो, तेच लिही, खरं आहे ते. त्यांना सगळं पाठ असणार. … आणि रूडी, सांग त्यांना, ते पान मी… नाही, तू नको. फोन दे त्यांच्या कानाशी, मीच सांगते. … रूडी? … हॅलो? … बाबा?