पहिला घाव

ऑक्टोबर २००६, शनिवार, दुपारचे चार. नॅशव्हिलबाहेरच्या एका शेतावर, गवताच्या गाडीतून फेरी मारायला रांग लागली होती. मेपलची पानं संथ गळत होती, दूरच्या स्टेजवर कुणी फिडल, तिकडचं लोकसंगीताचं व्हायोलिन, वाजवत होतं. माझ्यापुढे एक मुलगी, कडेवर भोपळा घेऊन. सोबत तिची साताऱ्याहून आलेली आई.

"आसावरी, केवढा गं हा! अख्ख्या गल्लीला भाजी पुरेल."

"भाजी नाही गं. डोळे कोरायचे, आत दिवा लावायचा, महिनाअखेरीला हॅलोवीनच्या रात्री दारात ठेवायचा."

"कोर की. पण पहिला घाव प्रसन्नचा. अख्खा भोपळा बाईनं फोडू नये."

"आई, प्रसन्न तिकडे लांब चँडलर गावी आहे, प्रोजेक्टवर. आणि इथे सगळ्या बायका फोडतात."

"फोडू देत. आपल्याकडे जावई आहे ना?"

"ते फिडल ऐक. डोळे मिटले की झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतं."

"ऐकतेय. त्याचं तिकडचं प्रोजेक्ट जूनमध्येच संपलं ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यानंच, फोनवर."

"मग इतके दिवस बोलली नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

"परत यायचं की नाही, ते हॅलोवीनपर्यंत सांगतो म्हणालाय."

"आणि तुला काय हवंय?"

"तो यायला हवाय, आई."

"मग भोपळा अख्खाच ठेवू दारात. दिवा शेजारी लावू."

"आणि नाही आला तर?"

"तर मी धरते, तू फोड."

गाडी आली. दोघी गवतावर टेकून बसल्या. आईनं डोळे मिटले. गाडी सुटली तेव्हा भोपळा आसावरीच्या मांडीवर होता, अख्खा.