नदीला नारळ

महादेव: आणि मासा गावला की परत सोडून द्यायचा?

कल्पेश: हो बाबा. गरी अलगद काढायची आणि मासा पाण्यात. एखाददुसरा खायला ठेवतात, बाकीचे सोडतात.

महादेव: वा! म्हणजे आधी पिसांची खोटी माशी दाखवून फसवायचं, आणि वर सोडूनपण द्यायचं. दोनदा थट्टा झाली बिचाऱ्याची. तुळसा, ऐकलंस काय? आपलं पोर हिमाचलला जाऊन माशांची मस्करी करणार.

तुळसा: मी सोडे निवडतेय. माझं डोकं नका खाऊ.

कल्पेश: मी एकटा नाही जात, तुम्हाला नेतोय. मघापासून तेच सांगतोय ना! गाडीरस्ता संपला की दीड दिवस जंगलातून चालायचं. तीर्थन नदीच्या काठी तंबू टाकायचा, शेकोटी करायची. ट्राउट थंड पाण्यातला मासा, एकदम चालू. तंबू दादरला घेऊन ठेवलाय, परमिटचं मी बघतो. पुढच्या आठवड्यात निघू. आता पावसाळ्यातली मासेमारीबंदी आहे, तुम्ही घरीच आहात.

महादेव: बंदी आहे म्हणूनच नाय. पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय मी कुठल्याच पाण्यात गरी टाकत नाय. आता माशांच्या पोटात अंडी असतात.

कल्पेश: ते समुद्रात. ट्राउट थंडीत अंडी घालतो. तिकडची बंदी थंडीत असते.

महादेव: त्यांचीपण बंदी असते? मग माणसं बरी दिसतात. पण माझी बंदी माझ्याबरोबर येते. मी हिमाचलला गेलो म्हणून ती काय वरळीत राहत नाय.

कल्पेश: ओके. नारळी पौर्णिमा होऊ दे, मग जाऊ. सप्टेंबरात. तोवर तिकडचा पाऊसपण ओसरेल. चालेल?

महादेव: गुडघे दुखतात माझे.

कल्पेश: परवा तर होडीला रंग मारायला चढला होतात!

महादेव: गिऱ्हाईक येणार होतं बघायला. विकायची म्हणून काय भिकार दिसू द्यायची? तू मित्रांना ने. तो माटुंग्याचा राजस आहे ना?

कल्पेश: राजस हसतो मला. म्हणतो, कोळ्याचा पोरगा आणि मासे पकडायला यूट्यूबवर शिकतो. त्या दिवशी गच्चीवर गरीची काठी फिरवत होतो, तर गरी जाऊन आयेच्या वाळत घातलेल्या साडीत अडकली.

तुळसा: ती साडी तू फाडलीस? आणि मी त्या मांजराला शिव्या घातल्या!

कल्पेश: सॉरी, आये. पण बाबा, होडी जाणार आता. आजोबांची होडी, आणि मी एकदापण चढलो नाही तिच्यावर. काकाची पोरं जायची आणि मला किनाऱ्यावरून परत पाठवायचात. "जा, अभ्यास कर." मला वाटायचं, तुम्हाला मी कामाचाच वाटत नाही. अजूनपण वाटतं.

(तुळसा सोड्यांचं सूप बाजूला ठेवते.)

महादेव: तसं नाय रे.

कल्पेश: मग कसं?

महादेव: जाऊ दे तो विषय.

तुळसा: ते नाही सांगायचे. मी सांगते. तुझा बुधाजीमामा ह्यांच्याच होडीवर होता. वादळात गेला तेव्हा तू माझ्या पोटात होतास. शेवटचं तोंडपण बघायला नाही मिळालं. तुझं बारसं झालं त्या संध्याकाळी मी ह्यांना किनाऱ्यावर नेलं, हातात नारळ दिला आणि शपथ घ्यायला लावली. माझ्या पोराचा पाय ह्या होडीला लागू देणार नाही म्हणून.

कल्पेश: हे मला आधी का नाही सांगितलंत, बाबा?

महादेव: सांगितलं असतं तर तू आयेशी भांडला असतास. माझ्यावर रागावलास तर मी दिवसभर दर्यावर. तिला घरात तुझ्याबरोबर राहायचं होतं.

कल्पेश: एवढी वर्षं मी तुमच्यावर...

महादेव: असू दे. माझं काय अडलं नाय. वाईट वाटायचं, ते वाटायचंच.

तुळसा: नदी किती खोल रे ती?

कल्पेश: कमरेएवढी. कुठे गुडघ्याएवढी.

तुळसा: आणि होडी?

कल्पेश: होडी नसतेच, आये. कडेला उभं राहूनच सगळं.

तुळसा: जाते कुठे ती?

कल्पेश: तीर्थन? ती बियासला मिळते. बियास सतलजला, सतलज सिंधूला. आणि सिंधू कराचीच्या खाली समुद्राला. अरबी समुद्राला.

महादेव: म्हणजे आपल्याच दर्याला? एवढ्या लांबून?

तुळसा: मग जा दोघं. शपथ होडीची होती, नदीची नव्हती. ह्यांच्या गुडघ्याचं तेल घे आठवणीनं, आणि तुला नीट शिकवा म्हणावं त्यांना, माझ्या साड्या वाचतील. नारळ दोन न्या.

कल्पेश: दोन कशाला?

तुळसा: एक नदीचा. दुसरा बुधाजीचा, तो तू सोड. मी दरवर्षी इथून सोडते, तो लाटेबरोबर परत पायाशी येतो. तिथून तरी पोचेल.