राघूनं न टोचलेला पेरू

तुम्हाला चित्रातलं कळत असेल, मला पेरूतलं कळतं. तरी नातवासाठी मुलगी बघायला सांगलीला गेलो, तर तिथं माझी परीक्षा चित्रावरच झाली.

चित्र मुलीनं स्वतः काढलेलं. नक्षीच्या वेली, निळी पानं, फांदीफांदीवर राघू आणि पेरू. तिचे वडील म्हणाले, "बघा, किती शांती आहे यात!" माझ्या मुलानं लगेच मान डोलावली. मग ते माझ्याकडे वळले. "आबा, तुम्हाला काय दिसतं?"

मी चष्मा लावून नीट बघितलं. "खोटं दिसतंय. एवढं राघू बसल्यात आन् एक पेरू टोचल्याला न्हाई. माझ्या रानात असं एक झाड दावा."

मुलानं माझा गुडघा दाबला. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. नातू पोह्यांच्या बशीतून मान वर काढेना. जमत आलेलं लग्न म्हाताऱ्यानं मोडलं, असंच सगळ्यांना वाटलं.

मुलगी उठून आत गेली आणि रंग, ब्रश घेऊन आली. "आबा, कुठला टोचू?"

"शेंड्याचा. त्यो उन्हाला असतोय, आधी पिकतोय."

तिनं शेंड्याच्या पेरूला लालसर खड्डा पाडला. "आता?"

"आता खरं झालं," मी म्हणालो आणि मुलाकडं वळलो. "तारीख काढ रं."

ते चित्र आता रहिमतपूरला आमच्या घराच्या सोप्यात भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात, "आवं आबा, ह्या पेरूवर डाग कसला?"

मी सांगतो, "त्याच डागावर लगीन जमलंय."