बैलगाडीच्या तीन रेघा

मी इथलाच, लकडगंजच्या पलीकडचा. बाप रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोके, त्याच्या मांगून मले फाटक भेटलं. काय सांगू तुम्हाले, बाप म्हने, रस्ता पहिलेचा, रेल्वे मांगून आली. मानसाची वाट कापली तं फाटक द्या लागते, नाल्याची कापली तं पूल द्या लागते, कोनाची वाट बुजवता येत नाई, असा कायदाच हाये. तो कायदा म्हंजे मीच, असं मले वाटे. झेंडी घेऊन उभा राहिलो का शेठच्या मोटारीलेबी थांबा लागे, लोकं जयभीम, रामराम घालत.

पन माह्या साडभाऊचं, म्हंजे बायकोच्या बहिनीच्या नवऱ्याचं फाटक इतवारीच्या रस्त्यावर, मोठं. त्याच्या खोलीत फोन, क्वार्टरले नळ. बायको पानी भरून आली का रोज म्हने, माह्या बहिनीच्या दारात नळ हाये. खोटं काहून बोलू, मी जळत होतो. त्याच्याकडे जेवाले बसलो तं घास उतरे नाई.

मंग मोजनी आली. साहेबानं रजिस्टर देलं, हप्ताभर जी गाडी रूळ ओलांडन तिची एक रेघ. आमाले इतकंच ठाऊक, का रेघा जास्त तं फाटक मोठं. म्या एका बैलगाडीच्या तीन रेघा मारल्या, ठेल्याच्या मारल्या, म्हशी गेल्या त्याच्याबी मारल्या. दोघायचे रजिस्टर साडभाऊच ऑफिसात नेऊन देनार होता. त्यानं पाहिलं अन् म्हने, इतक्या गाड्या कुठून आल्या गा, खोडून टाक. म्या म्हटलं, तुह्या पोटात काहून दुखून राहिलं? तो रजिस्टर तसंच घेऊन गेला.

कागदं फिरत राहिले, दोन वर्सं गेली. मंग साहेब आला, म्हने, तुह्या फाटकावर लय गर्दी, इथं आता रस्त्याचा पूल होनार. म्या पेढे वाटले. पूल झाला का खालचं फाटक बंद होते, हे मले मांगून समजलं. रस्त्यावर भिंत घातली, माही खोली पाडली, अन् बदली कुठं, तं साडभाऊच्याच फाटकावर, त्याच्या सुट्टीच्या दिवशी उभं राहाले.

आता दोघंबी रिटायर हावो. त्यानं त्या रेघांचं नाव आजवर काढलं नाई, ना माह्यापुढे, ना बायकोपुढे. काढलं असतं तं भांडलो असतो, मोकळा झालो असतो. चांगला मानूस हाये, शंभर वर्सं जगो. बाकी सारं इसरलो मी, आता त्याच्या चांगुलपनावर जळतो.