सोनेरी फ्रेममधलं खरेदीखत

अविनाशच्या अमेरिकेतल्या, फ्रिस्कोच्या घरात हॉलमध्ये आधी काय टांगलं होतं, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. दोन हजार सहा साली त्यानं ते घर घेतलं. ती सगळी जमीन पूर्वी एका रँचवाल्या घराण्याची. या पठ्ठ्यानं कौंटीच्या ऑफिसातून त्यांच्या जुन्या खरेदीखताची कॉपी काढली, सोनेरी फ्रेम करून घेतली आणि वास्तुशांतीला येईल त्याला दाखवत सुटला. "बघा, थेट रँचवाल्यांकडून आपल्याकडे." जसं काही यानंच तिथं गुरं राखली होती.

मी जवळ जाऊन वाचायला लागलो. म्हटलं, "अविनाश, हे पूर्ण वाचलंयस का?"

"जुनं इंग्लिश आहे यार, कोण वाचतंय."

"मग ऐक. ही जमीन गोऱ्यांशिवाय कुणाला विकायची नाही, भाड्यानंही द्यायची नाही. घरातले नोकर राहिले तर चालतील."

शिऱ्याच्या वाट्या हातातच राहिल्या. अविनाशचा चेहरा उतरला. "आता हे कायद्यानं चालत नाही," तो म्हणाला. "पण काय माणसं असतील रे. समोरचा कसा आहे ते न बघता सरळ घर नाकारायचं?"

मी म्हटलं, "खरंय. तुझ्या पुण्याच्या फ्लॅटसाठी माझ्या बहिणीनं फोन केला, तेव्हा तू निदान आधी आडनाव विचारलंस. मग म्हणालास, फ्लॅट कालच गेला."

आता तिथं वारली पेंटिंग आहे. पुण्याचा फ्लॅट अजूनही 'आपल्यातल्यां'नाच देतो तो.