गडवाभर ऊन पाणी

— नाई नाई इनबाई, फुंकू नका, पाणी गार हाय आज. बोट कायले बुडवता, मी सांगतो ना! बरं, इनबाई म्हणलं त माफी करा, तोंडातून निंगून गेलं. अजून सोयरीक ठरली नाई, ठाऊक हाय मले. तुमी नकार सांगाले आल्या असान, थे बी ठाऊक हाय. पोराचं तोंड भाजून पाठोलं आमी — कोणती माय खूश राहीन? पण आयका त खरं.

माया नातीनं, उर्वशीनं, मुद्दाम नाई केलं जी. मागच्या पावसाळ्यात हिरीत गढूळ उतरलं अन् मले अशी हगवण लागली का बाभुळगावच्या दवाखान्यात सलाईनवर टांगली. पोट्टी उशाशी बसून. घरी आलो तवापासून थे पाण्याची पहारेकरीन झाली. दुहेरी फडक्यानं गाळते, तुरटी फिरोते, गाळ बसू देते, वरचं निवळ पाणी चुलीवर मांडते. मी म्हणलं, निवळलं ना, आता लाकडं कायले जाळतं? त म्हणे, आजी, गाळ बसला, रोग कुठी बसला — थो खदखद उकळल्याबिगर मरत नाई. मंग झाकून गार करते. मले हात बुडवू देत नाई, मले!

मंग तुमी आल्या रजतले घेऊन. एसटी बी त्याच दिवशी वेळेच्या अगोदर आली, कधी नाई थे. पाणी चुलीवरून उतरलंच होतं. आता पाहुणा ओसरीवर बसला अन् हाती पाणी नाई — आळी काय म्हणन? मी म्हणलं, दे हिरीचं कच्चं. पोट्टी अडली. म्हणे, "कच्चं पाणी मी दुश्मनाले नाई देत, याइले कशी देऊ?" अन् दिला तसाच गडवा — हाताले चटका नको म्हणून फडकं गुंडाळून, आता बोला! आपल्याकडं गडव्याले ओठ कोण लावते? ओतलं पोरानं वरून, सरळ घशात. वाफ दिसली नसन काय? दिसन कशी जी, थो गडव्याकडं पाहे कुठी! लाल झाला, डोये भरले. तुमी इचारलं, पोरगी पसंत हाय काय — त जीभच उचले ना. तुमाले वाटलं रडून राह्यला. तुमी चपला घातल्या.

पण थुकला नाई हो. गिळलं सारं. तवाच म्या म्हणलं, हाच जावई. अन् फोड बरे झाल्याबरोबर आला बी —

आँ? तुमाले नाई सांगतलं त्यानं? म्हणजे थो घरून बाजाराले जातो म्हणून निंगते? बाजार त तिकडं माय, आमचं गाव इकडं! घ्या, बोलून बसलो मी. आता काय झाकू — पाणी गाळू लागते तुमचा पोरगा. फडक्याचं एक टोक त्याच्या हाती, एक हिच्या. मी मधातच बसतो, डोये फुटले नाई माये. तुमच्या घरी कधी धरलं फडकं त्यानं? हासता काहून?

थे पाहा, दाराआड उभी हाय, तिले वाटते मले दिसत नाई. तुमी नाई म्हणान त रडणार नाई थे. चूल फुंकत राहीन, अन् डोये धुरानं लाल झाले म्हणन. थे मले पाहवणार नाई, इनबाई. म्हणून म्हणतो, घोटभर —

बापा! वरूनच? बोट नाई, फुंक नाई, गडवाच रिकामा?

उर्वशे, चहा राहू दे. साखर आण वं. — तुमी बसा जी. मी आता एक शब्द बोलत नाई.