कऱ्हेच्या पात्रातनं मास्तरांनी उठवलं तवा

मंडळी, मला सभेत बोलायची सवय न्हाय. त्यात समोर मास्तरांच्या फोटोला हार. पण मास्तरीणबाई म्हणाल्या, "तू बोल." म्हणून उभी राहिले.

मास्तर आमच्या वरकुटे गावचे. बारामतीला भूगोल शिकवायचे. पोरं त्यांना मागनं 'वादळमास्तर' म्हणायची, तुमाला ठावं हाय. एकदा त्यांनी पूर येणार म्हणून सांगितलं आन् थेंब पडला न्हाय. लई हसली माणसं.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तवा आमच्याकडं मेंढरं होती. दसरा झाल्यावर कोकणाकडं निघालो आन् बारामतीजवळ कऱ्हेच्या पात्रात मुक्काम टाकला. नुसती भुरभूर होती. सकाळी मास्तर सायकलवर आले, चिंब भिजलेले. म्हणाले, "हितनं उठा. टेकाडावर जा."

आमचे मालक म्हणाले, "भुरभुरीनं पूर येतो व्हय, मास्तर?"

मास्तर चिडले न्हाईत. म्हणाले, "अरे, पावसाळ्यात वारं पश्चिमेकडनं येतं. डोंगर चढताना पाणी तिकडंच सांडतं, आपल्याकडं कोरडं उतरतं. हे वादळ पूर्वेच्या समुद्रातनं आलंय. वारं उलटं हाय. आता ते पुरंदरचे डोंगर आपल्या बाजूनं चढतंय. पाणी ह्या अंगाला पडणार, आन् कऱ्हेनं खाली येणार."

मी इचारलं, "नक्की येणार?"

"नक्की न्हाय सांगता येत, बाई. पण तुझी कोकरं लहान हायेत."

मी कोकरांची पाटी उचलली. मालक कुरकुरत मेंढरं हाकायला लागले. मास्तरांनी दोन कोकरं काखेत घेतली. शाळा बुडाली त्यांची त्या दिवशी.

दुपारी पाणी आलं. गढूळ, झाडं घेऊन. आमची चूल होती तितं पुरुषभर पाणी. मी मास्तरांकडं बघितलं. ते कोकरं मांडीवर घेऊन खाली बसले होते. म्हणाले, "मला वाटलं, आजबी हसतील."

मंडळी, ज्या गोष्टीवरनं आपलं हसं झालं, ती पुन्हा सांगायला किती जण जातात?

पुढं त्यांचा अंदाज एकदा साफ चुकला. आमी तवाबी मेंढरं हलवली. कोरड्या नदीकडं बघत दिवसभर टेकाडावर बसलो. मास्तर आले, मान खाली घालून म्हणाले, "फुकट तरास दिला तुमाला."

मालक म्हणाले, "बसा मास्तर. च्या घ्या."

आता समदे उभं राहू. थोडा वेळ कुणी बोलू नका.

मास्तर, आमा दोघांचा तुमाला रामराम.